दाब कुठे तयार होतो

एस्प्रेसो मशीनचा काटा ९ बारऐवजी ४ वरच घुटमळायला लागला की घरच्यांचं निदान ठरलेलं असतं: पंप गेला. कळव्यात मी घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. मिक्सर, इस्त्री, गिझर यांच्या जोडीला आता खारेगाव-पारसिकनगरकडून ही मशिनंही येतात, आणि आणणारे बहुधा नव्या पंपाची किंमत विचारतच दारात उभे राहतात. मी मात्र पंपाला सगळ्यात शेवटी हात लावतो. कारण दाब पंपात तयार होतच नाही.

पंप फक्त पाणी ढकलतो. पुढे कोणी अडवलं तर दाब चढतो, नाहीतर पाणी नुसतंच वाहून जातं. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की जे होतं तेच. एस्प्रेसोत हा अंगठा म्हणजे बास्केटमधली १८ ग्रॅम पूड. ती जाड दळली, कमी भरली किंवा वाकडी दाबली, तर कोरा करकरीत पंपसुद्धा ४ वर थांबेल.

त्या पुडीवर किती भार येतो हे एकदा समजून घ्यावं. गच्चीवरच्या टाकीपासून १० मीटर खाली आलं की साधारण १ बार दाब मिळतो. ९ बार हवा असेल तर टाकी ९० मीटर उंच, म्हणजे जवळपास तिसाव्या मजल्यावर ठेवावी लागेल. एवढा भार बोटभर जाडीची पूड २५-३० सेकंद पेलते. वाफेवरच्या जुन्या मशिनांची मजल दीड बारच्या आसपासच होती. मिलानच्या अकिले गाजियाने १९४७ मध्ये लीव्हरच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, आणि लीव्हरच्या वाढीव दाबाने कपावर दाट तपकिरी फेस धरू लागला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ मशीनने हाताचं काम विजेच्या पंपाकडे दिलं.

म्हणून माझा पहिला प्रश्न कॉफीबद्दल असतो. एक ताई मशीन घेऊन आल्या. "काका, गेल्या आठवड्यापर्यंत झकास चालत होतं हो." मी विचारलं, "कॉफी तीच आहे का?" "नाही, ती संपली. डोंबिवलीहून फिल्टर कॉफी दळून आणली." उत्तर तिथेच मिळालं. फिल्टरसाठीचं दळण एस्प्रेसोला जाड पडतं. त्यात चिकोरी असली तर चवीचाही हिशेब बदलतो. बिया भाजून बरेच महिने झाले असतील तरीही काटा चढत नाही, कारण त्यांतला वायू उडून गेलेला असतो आणि पूड पाण्याला धरून ठेवत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ती कॉफी घेऊच नये, या मताचा मी आहे. दुहेरी तळाची बास्केट मात्र फसवते. तिला खाली एकच बारीक भोक असतं, दाब तेच तयार करतं, त्यामुळे शिळी पूड घातली तरी काटा छान दिसतो. तपासणी नेहमी साध्या बास्केटवर करावी.

कॉफी निर्दोष ठरली की बास्केटमध्ये रबराची चकती टाकायची आणि मशीन दहा सेकंद चालवायचं. पाण्याला वाट नाही, म्हणजे काटा चढलाच पाहिजे. चढला तर मशीन ठणठणीत आहे, ग्राइंडर बारीक करा. नाही चढला तर पाणी कुठेतरी पळतंय, आणि ते कुठे पळतंय हे डोळ्यांनी दिसतं. हँडलच्या कडेने ठिबकत असेल तर गास्केट कडक झालंय. खालच्या ट्रेमध्ये धार लागली असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये पुडीचा कण अडकलाय. मागच्या टाकीत सिलिकॉनच्या नळीतून पाणी परत येत असेल, तर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याला सगळे ओपीव्ही म्हणतात, बंद होत नाहीये.

हा ओपीव्ही उघडून बघण्यासारखा असतो. पितळेचा छोटा दंडगोल, आत स्प्रिंग आणि टोकाला रबर. चांगल्या रबरावर बसकेची सलग गोल खूण उमटलेली दिसते. बिघडलेल्यावर ती खूण एका जागी तुटते आणि तिथे मिठाच्या कणाएवढा पांढरा क्षार असतो. तेवढ्या फटीने अर्धा दाब जातो. आपल्याकडे एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी त्यामानाने हलकं असतं. पण शटडाऊनच्या दिवशी सोसायटीत टँकर येतो, ते बोअरचं जड पाणी कोणी टाकीत ओततं आणि क्षार धरायला लागतो. टँकरच्या दिवशी मशीनला बाटलीतलं जपून ठेवलेलं नळाचं पाणी द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

एवढं सगळं झाल्यावर पंपाकडे वळायचं. बऱ्याच घरगुती मशिनांत इटलीच्या उल्का कंपनीचा कंपन-पंप असतो. कॉइलमध्ये दट्ट्या सेकंदाला ५० वेळा हलतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. इथे मल्टिमीटर लावल्याशिवाय निकाल देऊ नये. मे महिन्यात संध्याकाळी एसी सुरू झाले की काही इमारतींत व्होल्टेज २०० च्या खाली उतरतं आणि चांगला पंपही दमतो. व्होल्टेज नीट असेल तर कानाने ऐकावं. पाणी अडलं की निरोगी पंपाची घरघर खोल, जड होते. झिजलेला पंप चकती लावूनही तसाच मोकळा खडखडत राहतो. टाकी रिकामी झाल्यावर त्याने हवा ओढली असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी गरम पाण्याची तोटी उघडून हवा काढून टाकायची.

तरीही खडखड थांबली नाही, तर मग पंप खरोखरच बदलावा लागतो. तो बदलल्यावर ग्राइंडरही नव्याने लावायला हवा. थकत चाललेल्या पंपाकडून दाब मिळवायला घरच्यांनी महिनोन्‌महिने पूड बारीक करत नेलेली असते. तीच पूड नव्या पंपासमोर चोंदते, कपात थेंबही उतरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. म्हणून मशीन परत देताना खोक्यावर स्केचपेनने लिहून देतो: ग्राइंडर चार खाचा जाड करून सुरुवात करा, मग एकेक खाच बारीक.