टेबलावरचा धोंडा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरात माझ्या एकाही वस्तूला अभय नसते. परवा टेबलाची पाळी आली. "अहो, हा धोंडा ठेवायचा की टाकायचा?" सौभाग्यवतींनी विचारले. लिंबाएवढा, करडा, जरा पिळदार असा तो दगड. वीस वर्षे माझ्या कागदांवर बसून आहे; तीन कादंबऱ्या त्याने वाऱ्यावर उडू दिल्या नाहीत. (उडाल्या असत्या तर बरे, असे म्हणणारेही आहेत!)

फडताळात घालायला काढलेल्या जुन्या वर्तमानपत्रात मी नेमके तेव्हाच वाचत होतो, की जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीच्या लिलावात स्टेगोसॉरस या डायनासोरचा सांगाडा ४ कोटी ४६ लाख डॉलरला गेला. आपले सुमारे ३७० कोटी रुपये! सापडला कोलोरॅडोत, खाजगी जमिनीत. तिकडे अशी वस्तू जमीनमालकाची. घेणाऱ्या धनिकाने तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला काही वर्षांसाठी दिला, हे कबूल केले पाहिजे. पण उसनी वस्तू ती उसनीच. खाजगी मालकीच्या हाडांवर निबंध लिहायला पुष्कळ संशोधक कचरतात ते यामुळेच. उद्या धन्याने दार लावले, तर दुसऱ्याने पडताळा कुठे पाहावा?

"टाकू नकोस," मी घाईने म्हणालो.

तेव्हा मी वरोऱ्याकडे मास्तर होतो. एका पोराने हा दगड पिसदुऱ्याच्या शिवारातून आणला. "गुरुजी, राक्षसाचं शेण व्हय हे!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पुराव्यावाचून बोलू नये, यावर त्याला दहा मिनिटे व्याख्यान दिले. दगड मात्र ठेवून घेतला. कागद दाबायला बरा होता.

पोर खरे बोलत होते. पिसदुऱ्याच्या या दगड झालेल्या विष्ठेवर मॅटली नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९३९ सालीच निबंध लिहिला होता. पुढे २००५ मध्ये लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गवताच्या पात्यात गारगोटीच्या द्रव्याचे बारीक कण असतात. पाते कुजते, कण उरतात. तसे निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण त्या शेणात निघाले. काही तर भाताच्या भाऊबंदांचे! गवत डायनासोरांच्या मागून आले, अशी तोवरची समजूत. आणि इथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, कुणी अजस्र जनावर ते खाऊन मोकळे झाले होते.

हे कळू शकले, कारण ते तुकडे कुठल्या गावचे, कुठल्या थरातले, याची नोंद होती. माझ्या धोंड्याचे काय? कुणाच्या शेतात मिळाला, वर पडला होता की नांगराला लागला, शेजारी आणखी काय होते? सारे त्या पोराला ठाऊक होते. सांगायला तो माझ्यासमोर उभा होता, आणि मी व्याख्यान देत होतो. त्या धनिकाला नावे ठेवायला मला तोंड नाही. त्याने निदान पैसे तरी मोजले.

मी एक चिठ्ठी केली. 'पिसदुरा, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर' असे लिहिले. खाली 'शेत' लिहून पुढे जागा कोरी सोडली. मग पोराचे नाव घातले, आडनाव आठवेना. दिवाळीनंतर तिकडे जाऊन विचारणार आहे. आता तो बाप्या झाला असेल, आणि बहुधा पुन्हा हसायची पाळी त्याची असेल.

"मग धुऊन ठेवते," सौभाग्यवती म्हणाल्या.

"नको, नको! खाचेत अजून थोडी माती आहे."