मोठ्या आचेवरचं चिली चिकन

भंडाऱ्यात महामार्गालगतच्या एखाद्या छोट्या हॉटेलात संध्याकाळी बसलं, की चिली चिकनच्या आधी त्याचा ठसका येतो. तापल्या कढईत हिरवी मिरची पडते आणि दारातल्या टेबलापर्यंत सगळे खोकतात. तक्रार कुणी करत नाही. मी तर त्या ठसक्यावरूनच हॉटेल पारखतो.

आमच्याकडे तिखटाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पवनीच्या पलीकडे भिवापूर. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. सावजी रश्श्याचं तिखट मसाल्यात वाटलेलं, तेलात मुरलेलं; चार घास पोटात गेले की मग कपाळावर घाम आणणारं. चिली चिकनमधल्या मिरचीला मुरायला वेळच नसतो. ती हिरवी, कोवळी असतानाच थेट नाकाला भिडते. कॉर्नफ्लोअर लावून तळलेले तुकडे, लसूण, चौकोनी चिरलेला कांदा, शिमला मिरची, सोया सॉस, शेवटी व्हिनेगर. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. आच जरा उतरली की कांद्याला पाणी सुटतं, तुकड्यांवरचं कवच लिबलिबीत होतं. म्हणून भट्टीपुढे उभं राहून एका हाताने ती जड कढई उसळवणाऱ्या पोराच्या मनगटाचं मला फार अप्रूप वाटतं.

हे जेवण थेट चीनमधून आलेलं नाही. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हाक्का चिनी कुटुंबांच्या हातून ते इथल्या जिभेचं झालं. तिकडे सिचुआनमध्ये त्याचं नातलग शोभेल असं कुंग पाओ चिकन आहे, सुक्या लाल मिरच्या आणि शेंगदाणे घातलेलं; एकोणिसाव्या शतकातले तिथले प्रांताधिपती डिंग बाओझेन यांच्या पदवीवरून ते ओळखलं जातं. मिरची मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे सिचुआनलाही परकी आणि विदर्भालाही. दोन्हीकडे तिने असं घर केलं, की आता तिच्यावाचून पान वाढता येत नाही.

बरोबर बहुतेक जण फ्राइड राइस घेतात. धानाच्या या जिल्ह्यात मला मात्र साधा, वाफाळता भात हवा असतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या एचएमटी वाणाचा बारीक, मोकळा भात असला, तर त्यावर ओतलेली ग्रेव्ही शिताशिताला लागते.

हॉटेलवाल्या भावांना एकच विनंती: लाल रंगाची डबी कढईपासून दूर ठेवा, आणि हिरवी मिरची कमी करू नका.