आमच्या जिल्ह्याचे चिंतामणराव

हल्ली कोणी पक्ष सोडला की "स्वाभिमानासाठी सोडला" असं सांगण्याची पद्धत आहे. ते ऐकलं की मला आमच्या जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख आठवतात.

जन्म १४ जानेवारी १८९६, महाड तालुक्यातल्या नाते गावी. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ ला काँग्रेसच्या तिकिटावर ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. कुलाबा म्हणजे आजचा आमचा रायगड. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली (१९५५), आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं (१९५६), ते त्यांच्याच कारकिर्दीत. म्हणजे नेहरूंशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं होतं असं मुळीच नाही.

जून १९५६ मध्ये नेहरूंनी जाहीर केलं, की मुंबई पाच वर्षं केंद्राच्या अखत्यारीत राहील. जुलैत चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं. मुंबई महाराष्ट्राची, हे तर त्यांचं म्हणणं होतंच. पण असा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर होतो आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी होत नाही, हेही त्यांनी लोकसभेत स्पष्ट ऐकवलं.

नागरिकशास्त्रात 'मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी' हा दोन मार्कांचा प्रश्न असे. मुलं घोकून लिहायची. मी हे उदाहरण द्यायचो: निर्णय पटला नाही तरी बाहेर तो आपलाच म्हणून सांगायचा, ते जमत नसेल तर खुर्ची सोडायची.

एकदा एका मुलाने विचारलं, "पण सर, त्यामुळे मुंबई कुठे मिळाली?"

प्रश्न रास्त होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये आपल्या पदरात पडलं ते द्वैभाषिक. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडावा लागला, आणि त्यासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला. एका राजीनाम्याने राज्य मिळत नसतं. मी त्याला एवढंच म्हटलं, "बाबा रे, लोक रस्त्यावर गोळ्या झेलत असताना आपण निवडून दिलेला माणूस दिल्लीत गप्प बसला असता, तर तुझ्या आजोबांना काय वाटलं असतं?" पोरगं विचारात पडलं.

पुढे चिंतामणरावांनी ना गट बांधला, ना दुसऱ्या पक्षात जाऊन मंत्रिपद मिळवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम केलं, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तिसरे आले. २ ऑक्टोबर १९८२ ला गेले.

याला कोणी राजकारणातलं अपयश म्हणेल. म्हणोत बापडे. माणसाने काय सोडलं हे तर बघावंच, पण सोडल्यानंतर तो कुठे गेला तेही बघावं, असं मला वाटतं. तुम्हाला?