वाशीमकरांचा सागरविहार

वाशीमला समुद्र नाहीं. तरीही येथील, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, हरिषेण राजाच्या अमात्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. तेथेंच दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें गलबत रंगविलेलें आहे.

आतां येथील एक सेवानिवृत्त दांपत्य विचारीत आहे : मुंबईहून बोटीनें सागरविहारास जावें काय? १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हां समुद्रोल्लंघनास रूढीचा विरोध होता. आज प्रश्न प्रकृतीचा आहे. यजमानांस रक्तदाब, बाईंस बोट लागण्याचें भय. पावसाळा टाळावा, बोटीच्या मध्यभागीं खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, डॉक्टरांस आधीं विचारावें. त्यांनीं होकार दिल्यास पुढील वर्षावर ढकलूं नये. या वयांत दोघांनीं मिळून जाण्याचा योग फार दिवस थांबत नाहीं.