बसचं नाक

आमच्या साडूंनी जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर केलं. पडद्यांच्या रंगावर महिनाभर खल झाला. एअर फिल्टरचा निकाल मात्र मिनिटात! "छोटासा बसवा हो, शेजारी कपाट मावेल."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, एक लिटर डिझेल जाळायला निदान 10 हजार लिटर हवा लागते. एवढ्याशा नाकपुडीतून ती यायची कशी?" शिवाय फटीतून शिरलेली धूळ पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरसारखी घासते. जुना, तेलाच्या वाटीचा फिल्टर धुऊन वापरता येतो. कागदी धूळ जास्त अडवतो, पण झटकताना फाटला की संपलंच.

अखेर इंजिनाच्या मापाचा, मोठा, कागदी फिल्टर बसला. कपाट गेलं. मेहुणीचे शालू आमच्याकडे आले. इंजिन आता मोकळा श्वास घेतंय. जीव गुदमरतोय तो आमच्या कपाटाचा!