बसायला जागा

आमच्या नांदेडात बसायचे कसे हे कोणाला शिकवावे लागत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात एकदा जेवायला बसले की ते शिक्षण पुरे होते. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात; जो येईल त्याने पुढच्या रिकाम्या जागी बसावे, एवढाच तिथला नियम. मग शेजारी अमृतसरहून आलेला बागाईतदार असो, नाही तर स्टेशनावरचा हमाल असो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली याच गोदाकाठी देह ठेवला. २००८ साली गुरुतागद्दीला तीनशे वर्षे झाली तेव्हा गावाचे रस्ते रुंद झाले, विमानतळाचे रूप पालटले; पंगत मात्र होती तशीच राहिली. घरी पाहुणे आले की मी त्यांना ही पंगत दाखवायला नेतो आणि तिच्यावर थोडे बोलतोही. बोलणे हा माझा धंदाच आहे. पण गेल्या मार्गशीर्षात लातूरला असा एक प्रसंग आला की, ज्या गोष्टीवर मी वीस वर्षे बोलत आलो, ती करायला मला बरोबर अर्धा सामना लागला.

मी मराठीचा प्राध्यापक. चेंडूशी माझा संबंध फक्त कृष्णाच्या बाललीलांपुरता. दर हिवाळ्यात आमच्याकडे खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने हॉकीचे अखिल भारतीय सामने होतात, तेवढे मी शेंगा खात खात पाहतो. महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर माझी नेमणूक झाली तीसुद्धा एवढ्याच कारणाने की, ज्या बैठकीत ती ठरली त्या बैठकीला मी गैरहजर होतो. पुढे लातूरच्या एका महाविद्यालयाने बास्केटबॉलसाठी नवे बंदिस्त क्रीडागृह बांधले आणि त्याच्या उद्घाटनाला मुलींचे आंतरमहाविद्यालयीन सामने ठेवले. आमचा संघ निघाला. बरोबर व्यवस्थापक म्हणून इंग्रजीच्या बाई, शिकवायला क्रीडाशिक्षक आणि शोभेला मी.

"तुम्ही आणि खेळ बघायला?" असे म्हणत सौभाग्यवतींनी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

नांदेड ते लातूर हा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. मिनीबसमध्ये मुली गाण्याच्या भेंड्या लावीत होत्या आणि क्रीडाशिक्षक मला खेळाची मुळाक्षरे शिकवीत होते. त्यांनी सांगितलेली एक हकिगत मला फार आवडली. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हा खेळ काढला. व्यायामशाळेच्या सज्जाला त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही जगभर कडे तेवढ्याच उंचीवर असते. खरी गंमत पुढेच आहे. सज्जात बसलेले प्रेक्षक हात खाली घालून आपल्या बाजूचा चेंडू टोपलीत ढकलीत आणि दुसऱ्याचा बाहेर लोटीत! त्यांना आवरण्यासाठी टोपलीमागे फळी आली. आज ज्या फळीवर चेंडू आपटून खेळाडू गुण मिळवतात, ती मुळात प्रेक्षकांच्या आगाऊपणापासून बचाव करण्यासाठी उभी राहिली.

"म्हणजे या खेळाला प्रेक्षक नुसता बघ्या कधीच नव्हता," मी म्हणालो.

"आता आहे," क्रीडाशिक्षक म्हणाले. "आता तो मुळी येतच नाही."

लोहा मागे पडले आणि माळेगाव आले. खंडोबाची यात्रा भरली होती. घोड्यांच्या बाजारातून वाट काढताना बस थांबली, मुलींनी हट्ट धरला आणि आम्ही उतरलो. पलीकडे कुस्त्यांची दंगल चालू होती. मातीच्या हौद्याभोवती पहिली माणसे मांडी घालून बसली होती, त्यांच्यामागे उकिडवी, त्यामागे उभी, त्यामागे गाड्यांवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेली, आणि सर्वांत मागे लिंबाच्या फांदीवर पोरे. कोणी आराखडा काढला नव्हता, तरी प्रत्येकाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून हौद्यात पोचत होती. एका म्हाताऱ्या पटकेवाल्याने आमच्या मुली पाहिल्या आणि पुढच्या पोरांना दरडावले, "सरका रे, पोरींना बगू द्या!" रांगा सरकल्या, जागा झाली.

आमच्या संघाची कर्णधार चाकूरकडच्या खेड्यातली, माझ्याच वर्गातली. ती म्हणाली, "सर, इथं तिकीट नाही, खुर्ची नाही, तरी सगळ्यांना दिसतंय."

मी लगेच तिला कोल्हापूरच्या खासबागेबद्दल सांगितले. शाहू महाराजांनी युरोपात पाहिलेल्या गोल रंगभूमीची आठवण ठेवून ते मैदान बांधवले. १९१२ साली ते पुरे झाले. मध्ये आखाडा उंच आणि भोवती चढता उतार, त्यामुळे हजारो माणसे बसली तरी कोणाचे डोके कोणाच्या आड येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या मातीत घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोहून राष्ट्रकुलाचे सुवर्णपदक घेऊन आले. मुलीने सगळे नीट ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, "माझे बाबा लातूरला अडतीत हमाल आहेत. उद्या येतो म्हणालेत. त्यांनी मला खेळताना कधीच पाहिलं नाही."

संध्याकाळी लातूरला पोचलो. सामान वसतिगृहात टाकून मुलींना गंजगोलाई दाखवली. १९१७ साली बांधलेली ही गोल दुमजली इमारत, मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. सोन्याची दुकाने एका रस्त्याला, भांडी दुसऱ्याला, मिरची-गूळ तिसऱ्याला. सगळे शहर जणू एका हौद्याभोवती बसले आहे. मी मनात म्हटले, ज्या गावाला गोल बसण्याची एवढी सवय, तिथले क्रीडागृह कसे उत्तमच असणार!

दुसऱ्या दिवशी ते क्रीडागृह पाहिले. पॉलिश केलेली लाकडी जमीन आरशासारखी चकाकत होती. वर पांढरे दिवे, भिंतीवर विजेचा गुणफलक, दोन्ही अंगांना खुर्च्यांच्या चढत्या रांगा आणि त्यांच्यावर आणखी एक सज्जा. दोन हजार खुर्च्या, असे यजमानांनी अभिमानाने सांगितले. मला भरताचे नाट्यशास्त्र आठवले. त्याने माणसांसाठी मध्यम आकाराचे नाट्यगृह सांगितले आहे ते ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर ९६ फूट आणि ४८ फूट. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ९२ फूट आणि ४९ फूट. भरताचे सबंध नाट्यगृह, रंगपीठ आणि प्रेक्षक धरून, जवळजवळ या मैदानाएवढे! याहून मोठे केले तर नटाचा शब्द आणि चेहऱ्यावरचा भाव प्रेक्षकापर्यंत पोचत नाही, असे त्याचे कारण. बैठका जिन्यासारख्या चढत्या असाव्यात, हेही त्याने सांगून ठेवले आहे.

पण भरताने सोफे सांगितलेले नाहीत. इथे मैदानाच्या कडेला, पहिल्या रांगेच्याही पुढे, सोफ्यांची एक रांग मांडली होती; त्यांवर पांढरे टॉवेल, पुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. एका सोफ्यावर माझ्या नावाची चिठ्ठी होती. आयुष्यात पहिल्यांदा माझे नाव सोफ्यावर लागले होते. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

दहाचा समारंभ साडेअकराला सुरू झाला. शाल, श्रीफळ, हारतुरे आणि सहा भाषणे झाली. सहाही वक्त्यांनी खेळाचे महत्त्व सांगितले. तोपर्यंत सभागृह बऱ्यापैकी भरलेले होते, कारण विद्यार्थ्यांची हजेरी घेतली जात होती. भाषणे संपली, हजेरी संपली, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होती. पंचाने चेंडू वर उडवला तेव्हा मी मागे वळून मोजले. दोन हजार खुर्च्यांत एकेचाळीस माणसे.

बारा मिनिटे झाली असतील. वरच्या सज्जात काही गडबड दिसली. डोक्याला पंचा बांधलेला एक मनुष्य कठड्याशी उभा राहिला होता आणि रखवालदार त्याला खाली बसायला सांगत होता. तो बसला की दिसेनासा होई. थोड्या वेळाने पुन्हा उभा राही. पुन्हा रखवालदार येई. आमच्या कर्णधाराने एकदा मान वर करून पाहिले आणि तिच्या हातून चेंडू सुटला. मला सगळे समजले. रिकाम्या सोफ्यांची ती रांग माझ्या दोन्ही बाजूंना पसरली होती. मी उठायला हवे होते. पण यजमान प्राचार्य दोन सोफे सोडून बसले होते, त्यांना काय वाटेल, व्यवस्था त्यांची, आपण पाहुणे, असे सगळे सुसंस्कृत विचार माझ्या मनात येत राहिले आणि मी टॉवेलावर बसून राहिलो.

मध्यंतर झाले तेव्हा आमचा संघ चार गुणांनी मागे होता. मी जिना चढून वर गेलो. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आणि थक्क झालो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर लोखंडी कठडा येत होता. त्याच्या वर दिवे दिसत, खाली दोन गजांमधून मैदानाची पलीकडची कड दिसे. कडे आणि चेंडू मात्र कठड्याआड. सगळ्या क्रीडागृहात खेळ न दिसणारी ही एकच रांग होती आणि उशिरा आलेल्या साध्या माणसाला नेमकी तिथेच पाठवले जात होते.

"मामा, खाली का नाही बसलात?" मी विचारले.

"खाली निमंत्रित हायती म्हनले. पोती वडायचा आकडा व्हता कमरंला, त्योबी दारात ठिवून घेतला." मग थोडे थांबून, ओशाळल्यासारखे, "सर, आमची पोरगी कंची म्हनायची? समद्यांचे कपडे एकसारके. वरून डोस्कीच दिसालीत."

बापाला आपली मुलगी ओळखू येऊ नये, याची मला लाज वाटली. मी त्यांना खाली घेऊन आलो आणि माझ्या सोफ्याकडे बोट दाखवले. त्यांनी सोफ्याकडे पाहिले, स्वत:च्या धुळीने माखलेल्या धोतराकडे पाहिले आणि मान हलवली. "नगं. तितं बसून पाय कुटं ठिवावं मानसानं?" एवढे बोलून ते सोफ्यांच्या कडेला, रेषेपासून चांगले दोन पावले दूर, भिंतीला टेकून जमिनीवर मांडी घालून बसले. आता उभे राहणे मला शक्य नव्हते आणि सोफ्यावर जाणे तर त्याहून नव्हते. मीही बसलो. माझी विजार चुरगळली आणि गुडघ्याने तक्रार केली.

"ती बघा, सात नंबर," मी म्हणालो.

पुढे काय झाले ते कोणी ठरवून केले नाही. आम्हाला पाहून वसतिगृहाच्या चार मुली वरून उतरून शेजारी बसल्या. मग चहा वाटणारा पोरगा, झाडूवाल्या दोन बाया, हरलेल्या संघांतल्या मुली आणि शेवटी तो रखवालदारसुद्धा. एकेचाळीस माणसे दोन हजार खुर्च्यांत शोधावी लागत होती. तीच एका कडेला आली आणि गर्दी झाली. मामांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते, पण दम कोणाचा सुटला आणि डाव कोणी राखून ठेवला, हे त्यांना माझ्याआधी कळत होते. सात नंबरने आम्हाला पाहिले. ती हसली नाही. वेणी घट्ट केली आणि धावली.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. चेंडू तिच्याच हातात होता. लातूरच्या संघातल्या एका बुटक्या मुलीने खाली वाकून तो असा काही काढून घेतला की कोणाला कळलेच नाही, आणि पळत जाऊन टोपलीत घातला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

मामा उठले. बंडीच्या खिशातून घडी केलेली पन्नासाची नोट काढली आणि सरळ मैदानात चालत गेले. मला वाटले, मुलीची समजूत घालायला. ते तिच्यापुढून गेले आणि त्या बुटक्या मुलीच्या हातात नोट ठेवली. "झ्याक काडलीस," एवढेच म्हणाले. दंगलीत इनाम असेच देतात. ज्याची कुस्ती चांगली त्याला. आमची कर्णधार रडता रडता हसायला लागली.

परतीच्या वाटेवर तिने मला विचारले, "सर, बाबांना दिसलं ना सगळं?" मी म्हणालो, "अर्धं दिसलं." उरलेले अर्धे का दिसले नाही, ते मात्र मी तिला सांगितले नाही. इथे सांगतो आहे.

आता आमच्याही महाविद्यालयात असे क्रीडागृह बांधायचे घाटते आहे. नकाशा समितीपुढे आला तेव्हा मी या खेपेस गैरहजर राहिलो नाही. दोन शेरे लिहिले. पहिला : सज्जाच्या खुर्च्या एवढ्या उंचावर घ्याव्यात की, बसलेल्या माणसाची नजर कठड्यावरून मैदानात पोचेल. दुसरा : सोफे काढून टाकावेत आणि पहिली रांग खेळाडूंच्या घरच्या माणसांसाठी ठेवावी. पहिला शेरा लगेच मान्य झाला, कारण तो गणिताचा होता. दुसऱ्यावर एका सभासदांनी विचारले, "पण घरची माणसं येतात कुठं? रांग रिकामी दिसेल."

ती रिकामी दिसू द्यावी, असे मी लिहून दिले आहे. निर्णय व्हायचा आहे.