हात न लावता

सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेलो होतो. सहा वर्षांच्या मावसभावाच्या हट्टापायी शहराबाहेरच्या एका खासगी बागेत जावे लागले. प्राण्यांना हात लावा, दाणे चारा, असा तिथला प्रकार. प्रवेशाचे पैसे वेगळे, दाण्यांच्या वाटीचे वेगळे, खांद्यावर मॅकॉ बसवून फोटो काढण्याचे आणखी वेगळे. मी पडलो वाणिज्य शाखेचा. बेरीज आपोआप होत गेली!

देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. खांद्यावर येतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आमच्या वाट्याचा निळा-पिवळा, मोठा देखणा. पण छातीवर पिसेच नव्हती. बंदिवासात त्रासलेले पोपट स्वतःची पिसे उपटतात. भावाने त्याला हळूच विचारले, "दुखतंय का रे?" फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा, हसा." मागे रांग होती.

आमच्या देशपांडे नगरातून गदगकडे निघाले की गदगच्या अलीकडे बिंकदकट्टीचे छोटे सरकारी प्राणिसंग्रहालय लागते. तिथे खायला घालणेदेखील गुन्हा. जाळीकडे हात गेला की राखणदार ओरडतो, "मुट्टबेडी!" शाळेत असताना मला ती बाग रूक्ष वाटे. मात्र तिथला प्राणी 'दत्तक' घेता येतो: त्याच्या खाण्याचा खर्च आपण द्यायचा, प्राणी तिथेच राहतो. २०२१ च्या टाळेबंदीत तिकीटविक्री थांबली, तेव्हा कर्नाटकातल्या प्राणिसंग्रहालयांना या योजनेचा मोठा आधार झाला.

आम्ही वर्गातले चौघे सध्या वर्गणी काढतो आहोत. तिघांना वाघ हवा आहे. जमले आहेत बाराशे रुपये.